साफ केलेला आवाज

माझा नवरा लोकांचे श्वास कापतो. थट्टा नाही, हाच त्याचा धंदा आहे. बँकेला फोन लावला की "यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा" म्हणणारी ती गोड बाई असते ना, ती प्रत्यक्षात बोलते तेव्हा मध्येच खोकते, आवंढा गिळते, दोनच्या जागी तीन म्हणते आणि मग स्वतःलाच एक शिवी हासडते. ते सगळं आमच्या आतल्या खोलीत काढून टाकलं जातं. खोली कसली, पूर्वीची अडगळच ती. भिंतींना फोम, दाराला जाड रजई, आत एक माइक, दोन खुर्च्या, कॉम्प्युटर आणि माझा नवरा. पंखा लावायचा नाही, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. उन्हाळ्यात तो तिथून बाहेर येतो तेव्हा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो.

मी दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. माझ्यासमोर दिवसभर माणसं आ वासून पडलेली असतात आणि आमचे डॉक्टर त्यांना नेमके तेव्हाच मुलाबाळांची चौकशी करतात. थोडक्यात काय, आम्हा दोघांचंही पोट लोकांच्या तोंडावर चालतं. आणि आमच्या मुलीच्या तोंडून शब्द बाहेर पडायला मात्र वेळ लागतो.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी कधी ठरली नाही. बोलायलाही लवकर लागली, आणि मग शाळेत जायच्या वयात अडखळायला लागली. क आणि प तिला त्रास देतात, पण म सगळ्यात जास्त. त्यामुळे स्वतःबद्दल काही सांगायचं म्हटलं की पहिल्याच शब्दाला ठेच. डोळे मिटतात, ओठ घट्ट आवळले जातात, हनुवटी थरथरते आणि 'मी' आतल्या आत धडका मारत राहतो. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. थेरपीच्या बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तिचा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही. नजर चुकवायची नाही. थांबायचं. तिला घाई नाहीये, घाई तुम्हाला आहे." आम्ही थांबायला शिकलो. आणि ती अडखळत का होईना, पण कान किटेपर्यंत बोलायची. सहावीत जाईपर्यंत आमच्या घरात शांतता अशी नव्हतीच.

सहावीत शाळेने नवीन टूम काढली. रोज सकाळी प्रार्थनेनंतर एका मुलाने घरी रेकॉर्ड केलेलं काहीतरी लाउडस्पीकरवर लावायचं. वर्गाची मॉनिटर सगळ्यांकडून रेकॉर्डिंग गोळा करून पेन ड्राइव्हमध्ये भरायची आणि ऑफिसात नेऊन द्यायची. भिंगरीने स्वतःहून हात वर केला. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत कबुतरांनी घरटं केलं होतं, त्यावर तिने लिहिलं. बाबाच्या खोलीत बसून, कानाला त्याचे मोठे हेडफोन लावून तिने ते वाचलं. "पारवा अंडी उबवताना क-क-कंटाळत कसा नाही" इथे ती इतका वेळ अडकली की बाहेर माझी भाजी करपली. पण वाचून झाल्यावर उड्या मारत बाहेर आली. "आई, स-सगळं बोलले!"

तिला शाळेत सोडून आल्यावर, मी दवाखान्यात गेलेली असताना, माझ्या नवऱ्याने त्या रेकॉर्डिंगवर आपली सगळी कला खर्च केली. तो या कामात उस्ताद आहे. अडखळ कापणं कुणालाही जमतं, पण कापल्याची खूण राहू द्यायची नाही, ही खरी कारागिरी. जिथे तिचा क फुटलाच नव्हता तिथे त्याने दुसऱ्या वाक्यातला नीट आलेला क उचलून आणून जोडला. म तर कितीतरी ठिकाणी उसना आणला. रेकॉर्डिंग अर्ध्यावर आलं. मग ते त्याने परस्पर मॉनिटरच्या फोनवर पाठवून दिलं. मला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच.

भिंगरीने ते पहिल्यांदा ऐकलं ते मैदानावर, सगळ्या शाळेच्या मधोमध उभी राहून.

त्या दिवशी ती घरी आली आणि दप्तर न काढताच बाबासमोर जाऊन उभी राहिली. "ती क-कोण होती?" तिने विचारलं.

"तूच की! तुझाच आवाज. मी फक्त जरा साफ केला," तो म्हणाला. चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखा आनंद.

मी त्याला ते लावायला सांगितलं आणि ऐकलं. आमच्याच पोरीचा आवाज, पण कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखा. मी त्याला म्हटलं, "अरे, हे लोकांनी ऐकलं, आणि उद्या ती वर्गात तोंड उघडेल तेव्हा?"

"तेव्हा काय? तिला हुरूप येईल," तो म्हणाला. दुसऱ्यांचं ऐकून पैसे मिळवणाऱ्या माणसाला घरातलं एक अक्षर ऐकू येत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

व्हायचं तेच झालं. वर्गाला वाटलं, ही छान बोलू शकते. म्हणजे आजवर अडखळत होती ते नाटक होतं. लाड करून घ्यायला, तोंडी परीक्षेतून सुटायला. हे फक्त पोरांनाच वाटलं असतं तर मी गिळलं असतं. वर्गशिक्षिकेलाही तसंच वाटलं. ती तिला उभं करून म्हणायची, "लाउडस्पीकरवरचा आवाज काढ बरं." आणि माझी पोर सगळ्यांसमोर डोळे मिटून एका म शी झुंजत उभी राहायची.

महिन्याभरात भिंगरी बोलायची थांबली. आधी शाळेत. मग थेरपीच्या बाईंकडे. मग एके दिवशी घरातही. जेवायला वाढू का, तर मान हलवायची. दुखतंय का, तर मान हलवायची. कबुतराची पिल्लं उडून गेली, ते तिने मला हाताला धरून नेऊन रिकामं घरटं दाखवून सांगितलं. मी तिला कुशीत घेऊन विनवलं, रागावले, गुदगुल्या केल्या, रडले. तिच्या ओठांवरचं कुलूप काही निघालं नाही. थेरपीच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अडखळणाऱ्या मुलाला मी मदत करू शकते हो. गप्प बसलेल्याला कुठून धरू?" त्या बाईंना मी कधी हात टेकलेलं पाहिलं नव्हतं. परतताना रिक्षात माझ्या शेजारी ती बाहेर बघत होती, शांत, कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी.

खरं काय चाललंय ते मला कळलं आमच्याच खुर्चीतून. भिंगरीच्या बाकावर बसणारी एक मुलगी आहे, वर्गात तिला मुंगी म्हणतात. चणीने एवढीशी, जाड भिंगांचा चष्मा. भिंगरीचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी वर्गातली ती एकटीच. ती दाढ भरायला आमच्याकडे आली. डॉक्टरांनी भूल दिली आणि ते हात धुवायला गेले. मुंगीचा अर्धा ओठ बधिर होऊन लोंबत होता आणि त्या तिरक्या तोंडाने तिने माझा हात धरून मला सगळं सांगितलं.

"काकू, त्या तिला बाथलूममध्ये नेतात. मॉनिटल आणि त्या दोघी. म्हणतात, लेकॉल्डिंगसालखं बोल. अडकली की तोंडावल पाणी मालतात." तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि डोळ्यांतून पाणी. "मी सांगितलं असं सांगू नका हं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओली कॉलर मी रोज बघत होते. मला वाटायचं, नळाखाली तोंड धुताना भिजते. त्या मॉनिटरला मी तेव्हापासून राणीसरकार म्हणते आणि तिच्या मागच्या दोघींना शेपट्या. दुसरी नावं माझ्या जिभेवर आहेत, पण ती लहान मुलींसाठी नाहीत.

शाळेत मीच जाणार होते. पण त्या दिवशी दवाखान्यात ऑपरेशनं लागली होती, डॉक्टरांनी सोडलं नाही. नवरा म्हणाला, "मी जातो. तू गेलीस तर भांडण होईल." मी त्याला पढवून पाठवलं. दोन गोष्टी सांग. पाण्याचा प्रकार, आणि ते रेकॉर्डिंग तू कापलेलं होतं हे. मुंगीचं नाव मात्र काढू नकोस. तो भिंगरीला घेऊन गेला, परत आला आणि म्हणाला, "झालं बोलणं. बाई लक्ष घालते म्हणाल्या."

बाईंनी लक्ष घातलं म्हणजे काय केलं, तर राणीसरकारला बोलावून सांगितलं, "तू मॉनिटर आहेस ना? हिला तुमच्या ग्रुपमध्ये घे, सांभाळून घे." कोकराला लांडग्याच्या स्वाधीन करून बाई मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून भिंगरीची कॉलर कोरडी यायला लागली. माझ्या नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. मी टाकला नाही. कॉलर कोरडी होती, पण पोर जेवत नव्हती. ताटातला घास इकडून तिकडे ढकलायची आणि फोन वाजला की दचकायची.

अशाच एका संध्याकाळी मी कामावरून येऊन चप्पल काढत होते. नवरा चहा गाळत होता. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे ओठ आवळले गेले, हनुवटी थरथरली, आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून आवाज आला.

"ब... ब... बाबा. रेक... रेकॉर्ड करायचंय."

गाळणं त्याच्या हातून पडलं. चहा ओट्यावरून खाली सांडत होता आणि तो माझ्याकडे बघून लहान मुलासारखा हसत होता. मला हुंदका आवरेना. काय रेकॉर्ड करायचंय, कशासाठी, कुणीच विचारलं नाही. तहानेने व्याकूळ झालेला माणूस पाणी कुठल्या विहिरीतलं ते विचारत नाही. त्याने धावत जाऊन खोली उघडली, खुर्ची तिच्या उंचीला केली, माइक खाली ओढला. मी दारातल्या रजईला टेकून उभी राहिले.

भिंगरीने खिशातून फोन काढला. समोर धरला. वाचायला लागली.

"सूचना ऐका. स-सहलीच्या बसची श-शेवटची सीट अजून ओली आहे. ज्या म... म... म..."

नवऱ्याचा हात कॉम्प्युटरवर होता. सवयीने तो पडद्यावरच्या लाटांमध्ये त्या म ची जागा शोधत होता. शब्द अजून त्याच्या डोक्यात शिरलेच नव्हते.

"...म-मुलीची असेल, तिने ओळख प... पटवून घेऊन जावी. खूण, जाड चष्मा."

सहलीच्या वेळी बस वाटेत कुठे थांबली नाही आणि मुंगीला लघवी आवरली नाही, हे मला त्यानंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त जाड चष्मा ऐकू आला.

"हे काय आहे?" मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती बाबाकडे बघत होती. "तू फक्त क-काप," ती म्हणाली. "उद्या लाउडस्पीकरवर ल-लावणार आहेत. मग म-मी त्यांच्यात."

"कोणी लिहिलं हे?" नवऱ्याने विचारलं.

"म-मॉनिटरने. म-मुंगीने चुगली केली म्हणून."

"चुगली केली हे तिला कसं कळलं?" मी विचारलं.

भिंगरी बाबाकडे बघून हळूच म्हणाली, "तू ब-बाईंना सांगितलंस ना. च-चष्मेवाली म्हणाली असं. ब-बाईंनी तिला सांगितलं."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली होती. मी त्याला काय पढवलं होतं आणि हा काय करून आला होता! माझा आवाज चढला. मी मुलीलाच बोलले, कारण ती समोर होती. "लाज नाही वाटत? तुझ्यासाठी ती रडत होती माझ्यासमोर, अर्धं तोंड बधिर असताना! आणि तू तिची अशी अब्रू काढणार? त्या राणीसरकारने विहिरीत उडी मार म्हटलं तर मारशील?"

"हो!" ती ओरडली. त्या शब्दाला ती अजिबात अडली नाही. "हो, म... म... मारीन!"

खोलीत वारा नव्हता. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. तिने हेडफोन ओढून काढले आणि बाबाच्या अंगावर फेकले.

"आता का क-कापत नाहीस?" ती म्हणाली. "तेव्हा क-कापलंस ना! म-मला न विचारता. सगळे म-म्हणतात, लाउडस्पीकरवरची तीच चांगली आहे. ब-बाई म्हणतात, तिला आण. म... मला पण ती आवडते. तिच्यासारखं म-मला येत नाही. ये... येत नाही मला, बाबा! आणि तू ब-बाईंना काय सांगितलंस? म्हणालास, स-सराव केला होता तिने. म-मी तिथेच होते. तुझं बोट धरून उभी होते म-मी."

हे सगळं बोलायला तिला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. मध्ये मध्ये ती इतकी अडकत होती की तिच्या मानेची शीर फुगून येत होती. आम्ही दोघं हललो नाही. मला एवढंच कळत होतं की माझ्या संसाराची एक भिंत माझ्या डोळ्यांदेखत कोसळते आहे आणि मला तिला हात लावायची बंदी आहे.

मी नवऱ्याला विचारलं, "रेकॉर्डिंग कापलेलं होतं, हे तू सांगितलंच नाहीस?"

खाली पडलेले हेडफोन त्याने उचलले. मग त्याने उत्तर मला दिलं नाही, तिला दिलं.

"नाही सांगितलं," तो म्हणाला. "मी घाबरलो."

"म-मला हसतील म्हणून?"

मला वाटलं, आता हा हो म्हणेल. कुठलाही बाप हो म्हणाला असता आणि पोरीला जवळ घेऊन मोकळा झाला असता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"नाही, बाळा. मला हसतील म्हणून. अख्ख्या गावाचे आवाज नीट करतो आणि याच्याच घरात... असं म्हणतील म्हणून. तू छान वाचलं होतंस. कबुतरांचं ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, रडू आलं, सगळं आलं. आणि मग मी ते मोडून ठेवलं."

मला त्याचा इतका राग आला की बाजूची खुर्ची उचलून त्याच्या डोक्यात घालावी. असं कुणी सांगतं का लेकराला, की तुझी मला लाज वाटली? पण भिंगरी रडायची थांबली होती. ती त्याच्याकडे अशी बघत होती जसं कुणीतरी खूप दिवसांनी तिच्याशी खरं बोललं होतं. आणि विचार केला तर खरंच तसं होतं. शाळा खोटं बोलत होती, आम्ही "सगळं ठीक होईल" म्हणत होतो, तिचा स्वतःचा आवाज लाउडस्पीकरवरून तिच्याशी खोटं बोलला होता.

"मग म-माझी आता प-पण लाज वाटते?" तिने विचारलं.

"आता माझी वाटते," तो म्हणाला.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर राणीसरकारचा फोटो आला, एक डोळा मिटून हसणारा. भिंगरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाबाने तिच्याकडे बघितलं. मी म्हणाले, "उचलू नकोस. मी बोलते तिच्याशी. चांगली सरळ करते."

भिंगरीने फोन उचलला. घामट बोट घसरल्यामुळे असेल, पण स्पीकरचं बटण दाबलं गेलं आणि तो आवाज आमच्या त्या बंद खोलीत चारही बाजूंनी घुमला. गोड आवाज, एक म सुद्धा न अडणारा.

"काय गं, झालं का? पाठव ना लवकर. मला पेन ड्राइव्ह भरायचाय."

"म..." भिंगरीने सुरुवात केली.

मागे कुणीतरी खिदळलं. शेपट्या हजर होत्या.

"म... म..."

"अगं, पाठव नुसतं, बोलू नकोस," राणीसरकार म्हणाली. "आणि हे बघ, नाही पाठवलंस तर उद्यापासून तू पण मुंगीबरोबर. कळलं ना? मग परत बाथरूम."

"म... म... म..."

तिचे डोळे मिटले होते. हनुवटी थरथरत होती. पलीकडे एक शेपटी तिची नक्कल करायला लागली, मँ मँ मँ, बकरीसारखी. मी नवऱ्याचा दंड धरला, स्वतःला धरून ठेवायला.

"बाबाकडे दे ना फोन," राणीसरकार हसत म्हणाली. "तोच बोलतो ना तुझं सगळं."

नवऱ्याने हात पुढे केला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या हातात सगळी माया होती, मी बघितली. फोन त्याच्या हातात गेला असता तर पाच मिनिटांत त्याने त्या पोरीची, तिच्या आईबापांची, शाळेची भंबेरी उडवली असती. प्रश्न मिटला असता. निदान आजचा.

भिंगरीने डोळे उघडले. त्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं. आणि त्याच्याकडे पाठ केली.

भिंतीकडे तोंड करून, फोमच्या त्या काळ्या चौकोनांकडे बघत ती पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागली.

"म... मी ते ब... बोलणार न... न..."

खिदळणं वाढलं. "न न न काय?" कुणीतरी म्हणालं.

"...नाही. म... म... मुंगी म..."

फोनमधून एक बारीक टिक् झालं. मग खिदळणं नाही, काही नाही. पडद्यावरचा तो मिटलेला डोळाही गेला. तिकडून फोन ठेवला होता.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने हात अजून खाली घेतला नव्हता. मला वाटलं, आता ही कोसळणार. एवढी हिंमत केली आणि पलीकडे ऐकायलाच कुणी राहिलं नाही. मी पुढे झाले, तिला पोटाशी धरायला. नवऱ्याने मला अडवलं. कारण ती थांबली नव्हती.

"...म... म... माझी म... मैत्रीण आहे," ती म्हणाली. "आणि म... मी अशीच ब... बोलते. क... क... कापायचं असेल तर त... तू फोन क-काप. म-मी नाही कापणार."

मग तिने फोन खाली घेतला. वळली. घामाने केस कपाळाला चिकटले होते, नाक लाल झालं होतं. माझी पोर त्या वेळी काही सुंदर दिसत नव्हती. दमलेली दिसत होती.

"तिने क-कधीच ठेवला फोन," ती आम्हाला म्हणाली. "म-मला कळलं होतं."

"मग कुणाशी बोलत होतीस?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. उत्तर द्यायला ओठ आवळले, आणि आम्ही दोघं तिथे उभे राहिलो, तिचा शब्द येईपर्यंत. उद्या शाळेत तिच्यावर पाणी पडणार होतं. कॉलर पुन्हा ओली येणार होती. या वेळी मी स्वतः जाणार होते, भांडण होणार होतं, आणि त्याने काही फरक पडेल की नाही हे मला माहीत नव्हतं. मी एवढंच बघत होते की ती डोळे उघडे ठेवून अडकली आहे.

"म... म... म..." ती म्हणत होती. नवरा पुढे झुकून ऐकत होता. त्याचे दोन्ही हात मागे होते.

"माझ्याशी," ती म्हणाली.